पेलेट आत गेली की बाहेर येत नाही: रजोनिवृत्तीत हार्मोन पेलेट घेण्याचा विचार करणाऱ्यांसाठी

पेलेट म्हणजे हार्मोनची पूड दाबून केलेली छोटी कांडी. जाडी साधारण ३ मिलिमीटर, लांबी फार तर ९. तांदळाच्या दाण्याएवढी म्हणतात, पण दाणा आंबेमोहोराचा नव्हे, चांगल्या लांब बासमतीचा. कुल्ल्याच्या वरच्या, बाहेरच्या बाजूला कातडीखालच्या चरबीत ती बसवतात आणि तिथं ती तीन-चार महिने विरघळत राहते. पेलेटमध्ये इस्ट्राडायोल (इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा मुख्य प्रकार) असतं किंवा टेस्टोस्टेरॉन. पुष्कळदा दोन्हींच्या वेगवेगळ्या पेलेट एकाच चिरेतून आत घालतात.

पद्धत जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९३०च्या दशकाच्या अखेरीस इस्ट्रोजेनच्या पेलेट वापरल्या गेल्या होत्या. आज मात्र तिचा जोर अमेरिकेत आहे आणि तिथंच, पन्नाशीच्या आसपासच्या मराठी बायकांना ती सुचवली जाते: कधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून, तर कधी जिथं बोटॉक्स आणि वजन कमी करायची इंजेक्शनंही मिळतात अशा दवाखान्यातून.

गोळी बंद करता येते, पॅच ओढून काढता येतो, जेल उद्यापासून लावायचं नाही असं ठरवता येतं. पेलेटचं तसं नाही. डोस जास्त झाला तर ती विरेपर्यंत वाट पाहण्याशिवाय गत्यंतर नसतं. पहिल्या काही दिवसांनंतर ती मऊ पडते, भोवतीच्या चरबीत शोधून काढणं जवळपास अशक्य होतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग पेलेट घालण्याच्या आधीच्या कामाबद्दल आहे.

मंजुरीचं काय

अमेरिकेत एफडीएची, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी असलेली बायकांसाठीची इस्ट्राडायोलची किंवा टेस्टोस्टेरॉनची एकही पेलेट आज मिळत नाही. पुरुषांसाठीची टेस्टोस्टेरॉनची पेलेट मंजूर आहे. बायकांना मिळते ती कंपाउंडिंग फार्मसीत, म्हणजे औषध स्वतः बनवून देणाऱ्या फार्मसीत तयार झालेली. त्या फार्मसी दोन प्रकारच्या, नावं कायद्याच्या कलमांवरून पडलेली. ५०३ए ही चिठ्ठीप्रमाणे एकेका रुग्णासाठी बनवते आणि राज्याच्या देखरेखीखाली असते. ५०३बी ही एफडीएकडे नोंदवलेली असते, तिची तपासणी एफडीए करते आणि गंभीर दुष्परिणाम कळवणं तिला बंधनकारक असतं. तुमची पेलेट कुठून येणार हे पहिल्याच भेटीत विचारा. ५०३बी नसेल तर आम्ही तरी घ्या म्हणणार नाही.

‘बायोआयडेंटिकल’ (म्हणजे शरीरातल्या हार्मोनसारखंच हुबेहूब) आणि ‘नॅचरल’ या दोन शब्दांवर या धंद्याची बरीच विक्री चालते. पेलेटमधलं इस्ट्राडायोल आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मंजूर पॅचमधलं इस्ट्राडायोल हा एकच रेणू आहे. फरक आहे तो डोसच्या खात्रीत आणि सोबतच्या माहितीपत्रकात. मंजूर औषधाबरोबर धोक्यांचं पत्रक मिळतं, पेलेटबरोबर बहुधा मिळत नाही. पत्रक नाही म्हणून धोका नाही, असा समज अनेकजणींचा होतो.

२०२१ मध्ये ‘मेनोपॉज’ या वैद्यकीय नियतकालिकात ५३९ बायकांच्या नोंदींचा एक अभ्यास आला. पेलेट घेणाऱ्यांमध्ये इस्ट्राडायोलची सर्वोच्च पातळी सरासरी २३८ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर होती, मंजूर औषधं घेणाऱ्यांमध्ये ९३. टेस्टोस्टेरॉन १९३ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, तर दुसऱ्या गटात १६. अवेळी अंगावरून जाण्याचं प्रमाण ५५ टक्के विरुद्ध १५ टक्के. हा अभ्यास जुन्या नोंदींवरचा आहे, त्याला त्याच्या मर्यादा आहेत. पण आकड्यांची दिशा सरळ आहे: पेलेटमध्ये डोस वर जातो आणि वरच राहतो.

पहिली पायरी: तुम्हाला नक्की काय होतंय

शेवटची पाळी येऊन १२ महिने झाले की रजोनिवृत्ती झाली असं म्हणतात. पाळी अजून मागेपुढे होत येत असेल तर पेलेटची वेळ आलेली नाही. एकतर तुमचे बीजांडकोश अजून मनाला येईल तसं इस्ट्रोजेन बनवत असतात, त्यात वरून पक्का डोस घातला तर बेरीज कुठं जाईल सांगता येत नाही. दुसरं, या काळात गर्भ राहू शकतो आणि टेस्टोस्टेरॉनमुळे मुलीच्या गर्भावर पुरुषी खुणा येऊ शकतात. ४७व्या वर्षी ‘आता कुठलं मूल’ म्हणून गर्भनिरोधन सोडलेल्या बायकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

त्रास लिहून काढा, तोही दोन आठवड्यांचा. अंगातून वाफा दिवसातून किती वेळा, रात्री गाऊन बदलावा लागतो का, झोप किती वाजता मोडते, संबंधाच्या वेळी दुखतं का, इच्छाच नाहीशी झाली का. इस्ट्रोजेन वाफांवर, रात्रीच्या घामावर आणि योनिमार्गाच्या कोरडेपणावर नक्की काम करतं. टेस्टोस्टेरॉनचा पुरावा एकाच गोष्टीसाठी आहे: रजोनिवृत्तीनंतर कामेच्छा कमी झाली असेल आणि त्याचा तिला स्वतःला त्रास होत असेल तर. जगभरातल्या तज्ज्ञ संघटनांनी २०१९ मध्ये एकत्र काढलेलं निवेदन हेच सांगतं. थकवा, विसरभोळेपणा, वजन, हाडं, ‘पूर्वीसारखा उत्साह’ यांसाठी टेस्टोस्टेरॉन द्यावं इतका पुरावा त्यांना दिसला नाही. त्याच निवेदनात पेलेटसारखे पातळी फार वर नेणारे प्रकार टाळावेत असंही आहे.

फक्त कोरडेपणा आणि वरचेवर लघवीचा जंतुसंसर्ग एवढाच त्रास असेल तर पेलेटचा विषयच नको. योनिमार्गात लावायचं कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम किंवा छोटी गोळी पुरते.

दुसरी पायरी: कोणी घेऊ नये

स्तनाचा कर्करोग झालेला किंवा असल्याचा संशय, कारण न कळलेला रक्तस्राव, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, यकृताचा सक्रिय आजार: यातलं काही असेल तर इस्ट्रोजेनची पेलेट नको. साठी उलटल्यावर किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षं होऊन गेल्यावर अंगभर जाणारं हार्मोन पहिल्यांदाच सुरू करायचं असेल तर धोक्याचं पारडं जड होत जातं. अशा वेळी कधीही थांबवता येईल असाच प्रकार हवा, म्हणजे पेलेट नव्हे.

तिसरी पायरी: तपासण्या

पेलेटआधी हातात असायला हवं ते असं: वर्षभरातलं मॅमोग्राम, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण), कोलेस्टेरॉल, यकृताच्या चाचण्या, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच. टेस्टोस्टेरॉन घ्यायचं असेल तर त्याची आधीची पातळी. ती एलसी-एमएस या प्रयोगशाळेतल्या जास्त नेमक्या पद्धतीने मोजलेली हवी. नेहमीच्या चाचण्या पुरुषांच्या पातळीसाठी बऱ्या असतात, बायकांच्या कमी पातळीला त्या चाचपडतात.

मराठी घरांसाठी दोन चाचण्या आम्ही मुद्दाम जोडू: बी-१२ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). शाकाहारी जेवणावर वाढलेल्या बायकांत बी-१२ कमी असणं आपल्याकडे नेहमीचं. पन्नाशीपर्यंत भरपूर पाळी गेलेलीला लोह कमी असणंही तसंच. दोन्हींत थकवा येतो, केस गळतात, डोकं चालत नाही. असा थकवा घेऊन गेलात आणि समोरच्याने फक्त टेस्टोस्टेरॉन मोजलं, तर ते कमी दिसणारच, कारण वयाप्रमाणे ते सगळ्यांचंच कमी होतं. मग थकव्याचं खापर त्याच्यावर फुटतं.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा. हार्मोन आणि थायरॉइडच्या अनेक चाचण्यांचे आकडे त्याने चुकतात. लाळेतून हार्मोन मोजून डोस ठरवणारं कोणी भेटलं तर उठून या. लाळेतली पातळी दिवसभर हलत असते, तिच्यावर डोस ठरवता येत नाही.

चौथी पायरी: पिशवी असेल तर प्रोजेस्टेरॉन

गर्भाशय काढलेलं नसेल तर नुसतं इस्ट्रोजेन दिल्याने आतलं अस्तर वाढत जातं. वाढलेल्या अस्तरातून आधी रक्तस्राव होतो आणि दुर्लक्ष केलं तर कर्करोग होऊ शकतो. म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच: मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन १०० मिलिग्रॅम रोज रात्री, किंवा २०० मिलिग्रॅम महिन्यातून १२ रात्री. त्याने गुंगी येते, म्हणून झोपताना. अमेरिकेतल्या मूळ ब्रँडच्या कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

इथं दोन चुका नेहमी होतात. एक, कातडीला लावायचं प्रोजेस्टेरॉन क्रीम पुरेल असं समजणं. ते अस्तराचं रक्षण करेल इतकं रक्तात जात नाही. दुसरी जास्त फसवी: १०० मिलिग्रॅमचं माप मंजूर औषधांच्या नेहमीच्या इस्ट्रोजेन डोसला धरून ठरलेलं आहे. पेलेटने इस्ट्राडायोल दोनशेच्या वर नेलं तर तेवढं पुरेल याची खात्री नाही. ‘मला टेस्टोस्टेरॉनचीच पेलेट आहे, मग प्रोजेस्टेरॉन कशाला’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की शरीर टेस्टोस्टेरॉनमधूनही थोडं इस्ट्रोजेन बनवतं.

पाचवी पायरी: डोस आणि प्रश्न

बायकांसाठी इस्ट्राडायोलच्या पेलेट साधारण ६ ते २५ मिलिग्रॅमच्या असतात, टेस्टोस्टेरॉन एकूण ५० ते १५० मिलिग्रॅमच्या आसपास दिलं जातं. कागद घेऊन बसा आणि लिहून घ्या: कोणतं हार्मोन, किती मिलिग्रॅम, किती पेलेट, कोणत्या फार्मसीची, लॉट नंबर काय. डोस कशावरून ठरवला हेही विचारा. ‘आमच्या सॉफ्टवेअरने काढला’ हे उत्तर अर्धवट आहे. कोणती पातळी गाठायची आहे ते विचारा. टेस्टोस्टेरॉनसाठी बाईच्या नेहमीच्या मर्यादेत, ढोबळमानाने ७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत, असं उत्तर आलं तर माणूस जाणकार आहे. ‘दीडशे-दोनशेला तुम्हाला खरं बरं वाटेल’ असं आलं तर तो तुमच्या आवाजाशी आणि हनुवटीशी जुगार खेळतोय.

पहिल्यांदा घेणारीने कमीत कमी डोस मागावा. कमी पडला तर वरून थोडं जेल लावता येतं. जास्त झाला तर काढता येत नाही.

त्याहून बरा मार्ग असा की आधी तीन महिने पॅच किंवा जेलवर काढायचे. आठवड्यातून दोनदा बदलायचा इस्ट्राडायोल पॅच हाही यकृताला वळसा घालून थेट रक्तात जातो. पेलेटचा हा फायदा म्हणून सांगितला जातो, तो तिचा एकटीचा नाही. टेस्टोस्टेरॉन हवंच असेल तर पुरुषांसाठीच्या मंजूर जेलचा साधारण दहावा भाग, म्हणजे रोज ५ मिलिग्रॅमच्या आसपास, डॉक्टर देऊ शकतात. पॅच घामाने सुटतो, कातडी लाल होते, जेल लावायचं रोज विसरतं, अशांच्या बाबतीत मग पेलेटचा विचार समजण्यासारखा आहे. तोवर निदान हार्मोन तुम्हाला मानवतं का हे कळलेलं असेल.

खर्च: अमेरिकेत एका खेपेला साधारण ३०० ते ५०० डॉलर, वर्षातून तीन-चार खेपा, रक्ताच्या चाचण्या वेगळ्या. विमा बहुधा देत नाही. वर्षाचं पॅकेज आगाऊ भरू नका. पैसे भरलेत म्हणून पुढची पेलेट घ्यायला जाणाऱ्या बायका पुष्कळ असतात.

घालण्याचा दिवस

जेवून जा, उपाशीपोटी भोवळ येते. सैल कमरेचे कपडे घाला. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर आधी कळवा, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

कुशीवर झोपवतात. जागा पँटच्या पट्ट्याच्या किंचित खाली आणि मागे, जिथं बसताना भार येत नाही अशी निवडतात. कातडी जंतुनाशकाने पुसतात आणि जागा बधिर करायला लिडोकेनचं इंजेक्शन देतात. सगळ्यात जास्त चुरचुरतं ते हेच, दहा-पंधरा सेकंद. लांब सुईने पुढच्या चरबीतही औषध पसरवतात, तिथं दाब जाणवतो. मग ३ ते ५ मिलिमीटरची चीर. तिच्यातून ट्रोकार नावाची पोकळ नळी तिरकी आत सरकते. यावेळी दुखत नाही, पण कोणी आतून ढकलतंय असं वाटतं. नळीत पेलेट टाकून दट्ट्याने पुढे लोटतात, नळी मागे घेतात. पेलेट चिरेपासून काही सेंटिमीटर आत, चरबीच्या मधोमध राहायला हवी. चिरेजवळ राहिली तर बाहेर येते, फार खोल स्नायूजवळ गेली तर दुखते आणि लवकर विरघळते. टाका सहसा नसतो. पातळ चिकटपट्ट्यांनी चीर मिटवून वर दाबपट्टी लावतात. दहा मिनिटं तिथंच दाबून बसा, घाईने उठून गाडीकडे पळालात की जागा काळीनिळी होते.

निघण्याआधी लॉट नंबरचं लेबल मागून घ्या, फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

पहिला आठवडा

वरची दाबपट्टी दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बारीक पट्ट्या आपोआप सुटेपर्यंत, निदान तीन ते पाच दिवस, हात लावू नका. २४ तासांनी अंघोळ चालेल, पण उभ्याने आणि जागा न चोळता. टब, पोहणं, सोना आठवडाभर नको.

हालचालीबद्दल दवाखान्यातल्या कागदावर ‘स्क्वॉट नको’ एवढंच लिहिलेलं असतं. आपल्या भाषेत त्याचा अर्थ: उकिडवं बसणं, सूर्यनमस्कार, जिना भराभर चढणं, फुगड्या, गरबा, जमिनीवर बसून पूजा करून हात टेकत उठणं, हे सगळं चार-पाच दिवस बंद. कुल्ल्याचा स्नायू आवळला की पेलेट आलेल्या वाटेने मागे सरकते. मंगळागौर किंवा नवरात्र जवळ असेल तर तारीख पुढे ढकला. साधं चालणं चालेल.

थोडं निळं पडणं, दाबल्यावर दुखणं, वाटाण्याएवढी गाठ हाताला लागणं ठीक. लाली रोज पसरत असेल, जागा गरम लागत असेल, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. चीर उघडून पांढरा दाणा डोकावला तर तो आत ढकलू नका. स्वच्छ गॉज लावून फोन करा. बाहेर आलेली पेलेट पुन्हा वापरत नाहीत.

भारतात जायची तिकिटं असतील तर विमानाच्या आदल्या आठवड्यात पेलेट घेऊ नका. जंतुसंसर्ग आणि पेलेट बाहेर येणं हे बहुधा पहिल्या आठ-दहा दिवसांतच होतं आणि ते नागपूरच्या पाहुण्यांच्या घरी व्हायला नको.

चार ते सहा आठवड्यांनी

या सुमारास पातळी सर्वात वर असते, म्हणून रक्त तेव्हाच द्यायचं: इस्ट्राडायोल, टेस्टोस्टेरॉन, हिमॅटोक्रिट. आकड्यांआधी आरसा सांगतो. हनुवटीवर राठ केस, तेलकट चेहरा आणि पुरळ, भांगाच्या रेषेत केस विरळ होणं, चिडखोरपणा ही टेस्टोस्टेरॉन जास्त झाल्याची लक्षणं. पुरळ पातळी उतरल्यावर जातं. आवाज मात्र एकदा घोगरा झाला की मागे फिरेलच असं नाही, योनिलिंगाची वाढही तशीच. गाणाऱ्या बाईने टेस्टोस्टेरॉनच्या पेलेटच्या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. भजनी मंडळात वरचा सूर लागेनासा झाला तर ते ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. छाती दुखरी होणं, पोट फुगणं, अर्धशिशी हे इस्ट्रोजेनकडून येतं.

रजोनिवृत्तीनंतर अंगावरून गेलं, डाग एवढंच गेलं तरी, सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजायची. ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर पुढे बायोप्सी. ‘पेलेट घेतल्यावर असं होतंच’ हे दवाखान्याचं उत्तर पुरेसं नाही.

पुढची खेप, किंवा नाही

कॅलेंडरवर तीन महिने झाले म्हणून पुढची पेलेट घ्यायची नाही. त्रास परत आला आणि रक्तातली पातळीही खाली आली, या दोन्ही गोष्टी झाल्या तरच घ्यायची. कारण इस्ट्रोजेनच्या पेलेटमध्ये एक गंमत होते, खरं तर गंमत नव्हे. शरीराला वरच्या पातळीची सवय लागते. मग पातळी तीनशेवरून दोनशेवर उतरली तरी वाफा सुरू होतात, बाई दहाव्या आठवड्यातच परत येते, तिला नवी पेलेट मिळते आणि आधीची अजून उरलेली असते. प्रत्येक खेपेला तळ थोडा वर सरकतो. रक्त न तपासता पेलेट घालणाऱ्यांकडे हे वर्षानुवर्षं चालू राहतं.

बंद करायचं तर पुढची घ्यायची नाही, एवढंच. पण प्रोजेस्टेरॉन त्याच दिवशी बंद करायचं नाही. वारंवार घेतलेल्या इस्ट्रोजेन पेलेटचा अंमल शेवटच्या खेपेनंतर कित्येक महिने, काहींमध्ये दोन वर्षांहून जास्त, टिकल्याच्या नोंदी आहेत. पिशवी असेल तर इस्ट्राडायोल खरोखर उतरल्याचं रक्तात दिसेपर्यंत प्रोजेस्टेरॉन चालू ठेवा. या काळात भारतात असाल तर पेलेटच्या लेबलाचा फोटो, मिलिग्रॅम आणि शेवटची तारीख तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा. पॅच, जेल, गोळ्या त्यांच्या रोजच्या ओळखीच्या आहेत. कुल्ल्यात काही बसवलेलं असेल हे मात्र विचारल्याशिवाय कोणाच्या मनात येणार नाही. सोनोग्राफीच्या फॉर्मवर ‘कोणती औषधं चालू आहेत’ या रकान्यात पेलेटही लिहा, शेवटची घेऊन वर्ष झालं असलं तरी.